लाल रेघ आणि काकूंचे कान

मी एक जुना आवाजमापक आहे. मित्रांनो, आवाज किती मोठा आहे ते सांगणारं यंत्र म्हणजे आवाजमापक. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, एरवी तुमचा माझा काही घरोबा नाही. तुम्ही मधल्या सुट्टीत जो गलका करता तो खिडकीतून मी कितीतरी वर्षं मोजत आलो आहे. त्यातलं एक वाक्यसुद्धा ओरडून सांगण्याच्या लायकीचं नव्हतं.

लोकांना वाटतं, मला शब्दांचा अर्थ कळत नाही. चांगला कळतो. बहुतेक बोलण्याला काही किंमत नसते, म्हणून मी तिकडे लक्ष देत नाही इतकंच.

माझं अंग काळ्या पत्र्याचं, हातात मावेल एवढं. डोक्याला एक जाळीदार नाक आहे, त्यातून आवाज आत येतो. पोटावर काच, काचेखाली आकडे आणि एक बारीक काटा. आवाज वाढला की काटा उजवीकडे सरकतो, कमी झाला की डावीकडे टेकतो. खोटं बोलायची सोयच माझ्यात ठेवलेली नाही. तुमच्यात ती जन्मापासून असते, आणि मोठे होता होता तुम्ही तिला चांगली धार लावता.

माझी पहिली नोकरी एका निरीक्षक साहेबांकडे होती. कारखान्यांत यंत्रांचा आवाज किती होतो ते तपासायचं त्यांचं काम. साहेब येणार म्हटलं की मालक निम्मी यंत्रं बंद ठेवायचे. साहेब मला समोर धरायचे, मी आपला काटा खाली टेकवून उभा. मालक म्हणायचे, "बघा साहेब, कसा शांत कारखाना आहे." बाजूला कामगार एकमेकांशी हातवारे करून बोलत असायचे, कारण त्यांच्या कानांचे केव्हाच बारा वाजलेले होते. साहेबांना हे दिसायचं. ते मान हलवायचे, चहा घ्यायचे आणि आम्ही परत यायचो. मी माणसांना ओळखायला तिथे शिकलो.

साहेब निवृत्त झाले आणि मी एका खणात पडलो. आतले सेल गळून माझ्या पोटात हिरवट खार जमला. कोणी विचारलं नाही. पुढे साहेबांच्या मुलीने खण आवरताना मला उचललं, खार खरवडून काढला, नवे सेल घातले आणि स्वतःच्या कामावर घेऊन गेली. तिला सगळे बाई म्हणत. मीही बाईच म्हणतो. माझ्या आयुष्यात मला ज्यांचा फारसा तिटकारा आला नाही अशा माणसांत बाई बऱ्याच वर आहेत.

बाईंचं काम होतं, बोलणं बिघडलेल्या मोठ्या माणसांवर उपचार करणं. एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्यांची लांबट खोली होती. एक टेबल, दोन-चार खुर्च्या, एक आरसा, चित्रांचे गठ्ठे. शेजारच्या खोलीत लोकांचे कान तपासायचे आणि मधल्या भिंतीत एक दार होतं. हे दार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोलणं तोंडात होतं असं तुम्हाला वाटतं. तुम्हाला बरंच काही वाटतं. बोलणं आधी मेंदूत होतं; जीभ, ओठ, घसा, छाती ही सगळी हुकमाची ताबेदार. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की कोणाचे शब्द हरवतात, कोणाची जीभ जड होते. कंपवात नावाच्या आजारात हातपाय थरथरतात, अंग ताठरतं, आणि आवाज बारीक बारीक होत जातो. कोणाचं नेमकं काय बिघडलंय ते बाई आधी शोधून काढत. मग एखाद्याला टेबलावर बोट ठोकत एकेक शब्द सुटा बोलायला शिकवत. एखादीला शब्द सापडत नसेल तर त्या वस्तूचं काम सांगायला शिकवत, म्हणजे कात्री आठवली नाही तर "कापायचं ते" असं. हा उपचार गोळीसारखा गिळून टाकता येत नाही. तो रोज करावा लागतो, आणि रोज करायची कुठलीच गोष्ट माणसांना आवडत नाही.

रोग्यांपेक्षा मला त्यांचे नातेवाईक जास्त नकोसे वाटत. एक शिक्षिका यायच्या. झटक्याने त्यांचे शब्द गेले होते. कान शाबूत, डोकं शाबूत. त्यांचा भाऊ त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडायचा, "ताई, पाणी हवंय का? पा-णी!" माझा काटा थेट शेवटच्या आकड्याला जाऊन आपटायचा. शिक्षिका त्याच्याकडे अशा नजरेने बघत की तशी नजर मला असती तर मी हे सगळं सांगत बसलो नसतो. त्या एखादा शब्द जुळवत आणत आणि तो ओठांवर यायच्या आत भाऊ दुसराच शब्द बोलून मोकळा होई. "पेन? पेपर? पैसे?" आणि बाहेर जाऊन लोकांना सांगे, "ताई हल्ली काही बोलत नाही." बोलेल कशी? तू श्वास घ्यायला थांबशील तेव्हा ना.

माझ्या काचेवर एक लाल रेघ आहे. बाईंनी ती नखांना लावायच्या रंगाने ओढली. साधारण माणूस समोरच्याशी बोलतो तेवढा आवाज झाला की काटा त्या रेघेवर येतो. कंपवाताच्या रोग्यांना आकडे सांगून उपयोग नसतो, पण रेघ कोणालाही कळते. तुम्हालासुद्धा कळेल.

आता त्या दाराची गोष्ट. एका सकाळी पलीकडच्या खोलीत एक नवराबायको आली. दार अर्धं उघडं होतं. नवरा बायकोचे कान तपासायला घेऊन आला होता. तो काय बोलत होता ते माझ्यापर्यंत पोहोचत नव्हतं, काटा जागचा हलत नव्हता. बायको मात्र स्पष्ट ऐकू येत होती.

"यांचं म्हणणं, मला ऐकू येत नाही," ती सांगत होती. "एक हाक मारतात म्हणे, मी ओ देत नाही. दहा वेळा उठून यांच्याजवळ जाऊन उभी राहते तेव्हा कुठे कळतं काय हवंय ते."

कान तपासणाऱ्यांनी तिला कानावर लावायचं यंत्र दिलं. बारीकात बारीक आवाजाला तिचा हात वर गेला. शेवटी तीच म्हणाली, "तुमच्या त्या पलीकडच्या खोलीत नळ ठिबकतोय. तो आधी बंद करा, त्याच्यामुळे लक्ष विचलित होतं." नळ खरंच ठिबकत होता. माझ्याच खोलीतला. मला स्वतःलाही तो जेमतेम कळत होता.

"कान अगदी ठणठणीत आहेत हो," कान तपासणारे म्हणाले. नवरा काहीतरी बोलला. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. नवरा पुन्हा बोलला. "काय?" मग नवऱ्याने बायकोकडे वळून हात उडवले. बायकोने अर्थ सांगितला: "हे म्हणतायत, तुम्हालाही कमी ऐकू येतं."

कान तपासणारे उठले आणि त्यांनी दार पूर्ण उघडलं. "बाई, जरा यांच्याशी बोला. म्हणजे, यांना तुमच्याशी बोलू द्या."

तर असे आले आठवणकाका. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. प्रॉम्प्टर म्हणजे पडद्याच्या बाजूला, विंगेत, स्टुलावर संहिता घेऊन बसणारा माणूस. नट वाक्य विसरला की प्रॉम्प्टर पहिले दोन-तीन शब्द पुरवतो. ते नटाला ऐकू गेले पाहिजेत आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जाता कामा नयेत. सगळी कारागिरी त्या मधल्या अंतरात. कंपनीतल्या पोरासोरांपासून थोरामोठ्यांपर्यंत सगळ्यांची वाक्यं काकांच्या डोक्यात, म्हणून नाव पडलं आठवणकाका. त्यांची बायको आपोआप काकू झाली.

बाईंनी मला काकांसमोर धरलं. "तुमच्या कामाबद्दल सांगा मला थोडं."

काकांचे ओठ हलले. चेहरा ताठ, उजवा हात मांडीवर थरथरत होता. माझा काटा कुशीवर झोपल्यासारखा पडून राहिला.

"आता तुम्ही हळू बोललात की मोठ्याने?"

बाईंनी कान पुढे नेला तेव्हा त्यांचं उत्तर कळलं. "नेहमीसारखं. थोडं मोठ्यानेच. तुम्हाला ऐकू यावं म्हणून."

"हे बघा, आता मी बोलतेय. काटा बघा." काटा लाल रेघेवर गेला. "आणि तुम्ही बोललात तेव्हा इथे होता."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मीटर जुना आहे तुमचा," ते म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं. मी आयुष्यात पुष्कळ अपमान सोसले आहेत, पण ज्याच्या बोलण्याने माझा काटा हलत नाही अशा माणसाने मला जुना म्हणावं, हे मी विसरलेलो नाही.

हाताच्या थरथरीचं औषध काकांना आधीपासून चालू होतं. कंपवात आवाजही खातो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं नव्हतं. बाईंनी समजावलं. "या आजारात माणसाचं आतलं माप बिघडतं काका. तुम्ही पुटपुटता आणि मेंदू सांगतो, पुरे झालं. तुम्हाला पुरेसं मोठ्याने बोलायला लावलं की तोच मेंदू सांगतो, अरे ओरडतोयस काय. म्हणून तुम्हाला वाटतं, समोरच्याचेच कान गेले."

"ताईंचे गेलेत," काका म्हणाले. हे मात्र काटा किंचित हलेल एवढं होतं. राग आला की त्यांचा आवाज जरा उठायचा.

या ताई म्हणजे त्या शिक्षिका नव्हेत, कंपनीची जुनी नायिका. वय झालं होतं, तरी जुनं गाजलेलं नाटक पुन्हा उभं करायचं तर त्यांच्याशिवाय जमत नव्हतं. काकूंनी झाला प्रकार सांगितला. मागच्या प्रयोगात ताई भर प्रवेशात अडकल्या. त्यांनी विंगेकडे पाहिलं. काकांनी शब्द पुरवला. ताई गप्पच. पुन्हा पाहिलं, पुन्हा पुरवला. लोकांना आधी वाटलं हा अभिनयच आहे, काहींनी टाळ्याही वाजवल्या. मग कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. पडदा पाडावा लागला. ताई आत येऊन रडल्या. आठवणकाका त्यांना म्हणाले, "कान तपासून घ्या," आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्यांच्यासाठी कानात घालायचे थेंब घेऊन आले. शिवाय मालकांना सांगितलं की नवे पडदे आवाज खातात. बायको बहिरी, नायिका बहिरी, पडदे दोषी. एक हे तेवढे शहाणे.

मालक हुशार माणूस. त्याच नाटकात ते ताईंच्या भावाचं काम करत, त्यामुळे त्या दिवशी हसण्यातला अर्धा वाटा त्यांच्याही पदरी पडला होता. त्यांनी ठरवलं होतं की आता ताईंच्या कानात एक छोटं यंत्र बसवायचं आणि बाहेरून कोणीतरी त्यात वाक्यं बोलायची. कानामागून आली आणि तिखट झाली, ती म्हण त्या यंत्रासाठीच केलेली असावी. पण कंपनी काकांसोबत म्हातारी झाली होती, म्हणून मालकांनी एक संधी ठेवली. पुढच्या प्रयोगाआधी रंगीत तालीम होईल. त्यात काकांचा शब्द ताईंना ऐकू गेला आणि पहिल्या रांगेला गेला नाही, तर स्टूल काकांचं. नाहीतर स्टूल उचलायचं.

"स्टूल गेलं तर यांचं काय उरणार?" काकू म्हणाल्या. "घरी तर हे असून नसल्यासारखेच झालेत."

मग सुरू झाले उपचार. छाती भरून श्वास घ्यायचा आणि "आ" लांबवायचा, काटा रेघेखाली पडू द्यायचा नाही. त्यानंतर रोजची वाक्यं. मग उतारे. काकांना हे सगळं किळसवाणं वाटे. "ओरडणं हा आमच्या धंद्यात गुन्हा आहे," ते म्हणत.

"ओरडल्यासारखं वाटतंय ना? मग बरोबर चाललंय. तेवढंच हवंय," बाई म्हणत.

मला वाटलं होतं, हा गडी चार दिवसांत पळून जाईल. माझा माणसांबद्दलचा अंदाज सहसा चुकत नाही. पण काका येत राहिले. चेहऱ्यावर तुच्छता ठेवून "आ" करत राहिले. माझ्याकडे ते बघत ते शत्रूकडे बघावं तसे, आणि खरं सांगायचं तर दवाखान्यात माझ्याशी बरोबरीच्या नात्याने वागणारे ते पहिलेच. हळूहळू काटा रेघेला शिवू लागला. मग रेघेवर ठरू लागला.

पण फक्त त्या खोलीत. काकू म्हणाल्या, "इथे छान बोलतात. दाराबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा तेच. काल तालमीला गेले होते, स्टुलावर बसले आणि झालं. ताईंना काही म्हणता काही ऐकू आलं नाही. घरी आल्यावर म्हणतात, थेंबांचा उपयोग दिसत नाही."

बाई विचारात पडल्या. "म्हणजे ते स्टूलच त्यांचा आवाज खाली ओढतंय. जन्मभर त्यावर बसून हळू बोललेत ना. मग इथे बसून काय शिकवतेय मी त्यांना?"

त्या आठवड्यात त्यांनी मला पिशवीत घातलं आणि आम्ही नाट्यगृहात गेलो. दुपार होती, नाट्यगृह रिकामं. रंगमंचावर एक टेबल आणि खुर्ची, ताई अडकल्या होत्या तीच. बाईंनी मला खुर्चीवर ठेवलं, जिथे ताईंचं डोकं येतं त्या उंचीला, खाली चार उशा रचून. काकू पहिल्या रांगेत मधोमध बसल्या. काका विंगेत स्टुलावर.

"नियम साधा आहे," बाई म्हणाल्या. "काटा रेघेवर यायला हवा. आणि काकूंना ऐकू आलं तर काकू हात वर करतील. तेवढं होऊ द्यायचं नाही."

काकांनी संहिता उघडली. त्यांना उत्साह आला होता, हे तर त्यांचं राज्य. त्यांनी वाक्य पुरवलं. काटा हलला नाही. त्यांनी पुन्हा पुरवलं, या वेळी मानेच्या शिरा दिसल्या. काटा तसाच. काकांनी विंगेतून डोकं बाहेर काढून काकूंकडे पाहिलं. त्यांची खात्री होती की आपण पार पहिल्या रांगेपर्यंत ओरडलो आहोत आणि आता काकूंचा हात वर जाणार. काकू हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या.

"ऐकलंस ना?" काकांनी विचारलं. हे मी त्यांच्या ओठांवरून सांगतो, कारण तेही माझ्यापर्यंत आलं नाही.

काकू तशाच बसून. शब्द यायची वाट बघत.

मित्रांनो, बाईंनी इतके दिवस समजावलं होतं, मी इतके दिवस काटा दाखवला होता. त्याने काही झालं नव्हतं. मीटर जुना असू शकतो, बाई चुकू शकतात. पण ठिबकता नळ भिंतीपलीकडून ऐकणारी बायको समोर बसली होती, आणि तिचे कान तपासून आणण्याचा हट्ट यांनी स्वतःच धरला होता. आता पळवाट उरली नव्हती. काका स्टुलावर बसून राहिले. मग उठून रंगमंचावर आले, माझ्या शेजारी, ताईंच्या जागी उभे राहिले आणि तिथून त्यांनी आपल्या स्टुलाकडे पाहिलं.

"म्हणजे त्या दिवशी ताईंना ऐकू आलं नाही असं नाही," ते म्हणाले. "मी बोललोच नव्हतो."

"बोलला होतात काका," बाई म्हणाल्या. "पोहोचलं नव्हतं."

"विंगेत ते एकच."

मला कोणाची दया येत नाही. पण वाईट वाटलं. नट अडकला असता त्याला वाक्य न देणं याहून मोठं पाप त्यांच्या लेखी नव्हतं, आणि ते त्यांच्या हातून घडलं होतं. वर त्यांनी त्या बिचारीला थेंब आणून दिले होते.

काका त्याच संध्याकाळी ताईंकडे गेले. काकूंनी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ताई दार उघडून म्हणाल्या, "बरं झालं आलात, थेंब संपत आलेत." इमानेइतबारे दोन्ही वेळा कानात घालत होत्या बिचाऱ्या. काका म्हणाले, "ते फेकून द्या. बिघाड माझ्यात होता." ताईंनी त्यांना आत बसवलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझं वय झालं म्हणून तुम्ही मला मुद्दाम तोंडघशी पाडलंत."

त्यानंतर काकांनी खोलीतला "आ" सोडला नाही, पण खरी मेहनत त्या स्टुलावर केली. दुपारी नाट्यगृह रिकामं असलं की मी खुर्चीवर, काकू पहिल्या रांगेत, काका विंगेत. वाक्य सोडायच्या आधी श्वास, मनाशी "मोठ्याने" असा हुकूम, मग शब्द. आपण ओरडतोय असं त्यांना दर वेळी वाटायचं. वाटू दे, असं ठरवून त्यांनी बोलायचं. स्वतःच्या कानांवरचा विश्वास काढून एका जुन्या पत्र्याच्या डबीवर ठेवायचा, हे सोपं नाही. तुमच्यापैकी एकालाही जमणार नाही. काटा चढत गेला. एके दिवशी तो रेघेवर आला तेव्हा काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी दुर्लक्ष केलं.

रंगीत तालमीच्या दिवशी बाईंना दवाखाना सोडता आला नाही. ताईंना शब्द पोहोचला की नाही ते ताईच सांगणार होत्या. पहिल्या रांगेचं बघायला काकू होत्या, आणि त्यांच्या मांडीवर मी. मालकांनी बजावलं होतं, "काकू, तुमचे कान पक्के आहेत असं मी ऐकलंय. तुम्हाला काकांचा शब्द ऐकू आला किंवा त्याने काटा जागचा हलला, तर स्पष्ट सांगायचं. नंतर भर प्रयोगात माझी शोभा नको." कंपनीचे बाकीचे लोक आत रंगभूषेच्या खोलीत होते. प्रेक्षागृहात सगळ्या रिकाम्या खुर्च्या आणि आम्ही दोघं.

नाटक सुरू झालं. मालक भावाचं काम करत होते. गरज नसताना प्रत्येक वाक्य ओरडत होते, पण ते मी सोडून देतो. तो प्रवेश आला. ताई खुर्चीत बसल्या, एक वाक्य बोलल्या, दुसरं बोलल्या आणि थांबल्या. विसरल्या होत्या की मुद्दाम थांबल्या ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी विंगेकडे पाहिलं.

काकांचा शब्द आला. श्वास भरून, सुटा, स्वच्छ. ताईंनी तो झेलला आणि वाक्य असं पुढे नेलं की मधे काही घडलं असं वाटलंच नाही.

आणि माझा काटा हलला. डावीकडून उठला, थोडा सरकला, पुन्हा टेकला. काकूंनाही ऐकू आलं होतं. त्यांचा श्वास अडकला तो मला माझ्या पाठीला जाणवला. शब्द पहिल्या रांगेपर्यंत आला होता. मालकांच्या नियमाप्रमाणे काका हरले होते, आणि तेही जास्त मोठ्याने बोलून. दोन वर्षांत घरातल्या घरात ज्याची हाक ऐकू आली नाही, त्याचा शब्द एवढ्या लांबून आपल्या जागेवर बसून ऐकू आला, हे कळायला काकूंना थोडा वेळ लागला असणार. त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी आपला तळवा माझ्या काचेवर ठेवला.

प्रवेश संपला. ताई मालकांना म्हणाल्या, "मला लख्ख ऐकू आलं." मालक रंगमंचाच्या कडेशी आले. "काकू, खाली काय झालं? ऐकू आलं का? काटा काय म्हणतो?"

"काटा कुठे हलतोय," काकू म्हणाल्या.

"आणि तुम्हाला?"

"मला? मला कुठे काय ऐकू येतं? यांनाच विचारा. कान तपासायला म्हणून तेच मला घेऊन गेले होते."

काका विंगेतून बाहेर आले होते. आपला शब्द कुठवर गेला ते त्या माणसाला कळलं होतं. जन्मभर ते अंतर मोजलेलं होतं त्याने. त्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंच्या तळव्याखालच्या माझ्याकडे पाहिलं. मग श्वास भरून घेतला.

"हिला कमी ऐकू येतं," काका मालकांना म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगतोय."

बोटांच्या फटीतून मी पाहिलं. तिथे, पहिल्या रांगेत, काटा लाल रेघेवर होता.

स्टूल राहिलं. बाईंना कळलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "कंपवाताचा माणूस जास्त मोठ्याने बोलला म्हणून तक्रार? अशी तक्रार मी पहिल्यांदा ऐकतेय." मग त्यांनी काकांकडून आवाज केसभर खाली आणून घेतला. प्रयोगाला नाट्यगृह भरलेलं होतं. माणसांची अंगं आणि कपडे आवाज पितात, तेवढ्यापुरता तुमचा उपयोग होतो. ताई एकदा अडकल्या, शब्द आला, पुढे गेल्या. कोणी हसलं नाही. आजार काही गेला नाही, जाणारही नाही. काका अजून रोज सकाळी "आ" करतात. पण आता ते आतल्या खोलीतून हाक मारतात आणि काकू जागच्या जागी बसून "नाही, मी येणार नाही, तुम्ही या" असं सांगू शकतात. या चैनीची किंमत तुम्हाला कळणार नाही.

मी आता पुन्हा खणात आहे. बाईंच्या फोनमध्ये आवाज मोजायची सोय आली, रंगीबेरंगी, दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवणारी. असो. माझी विनंती म्हणाल तर एवढीच: वर्षातून एकदा माझे सेल बदला, मला पुन्हा खार नको. आणि समोरचा बोलायला अडत असेल तर त्याचा शब्द हिसकावून घेऊ नका. त्याला ऐकू येत नाही किंवा कळत नाही असं ठरवण्याआधी आपलं तोंड बंद करून थोडं थांबा. तुम्ही थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी माणसं मोजलेली आहेत.

सगळ्या आयुष्यात माझ्यावर एकदाच कोणी खोटं लादलं. माझी काच पुसताना हे मात्र लक्षात ठेवा की मधोमध, लाल रेघेवर, एका तळव्याचा पुसट डाग आहे. तेवढा राहू द्या.